चाळणीतून गेलेली रेघ

चाळणी हे त्याचं नाव आम्हीच पाडलं. हॉस्पिटलच्या तळघरात कॉम्प्युटरची खोली होती आणि माझं टेबल त्याच्या टेबलाला लागून. मला तो ताई म्हणायचा. नाकासमोर चालणारा माणूस. डबा खाल्ला की धुऊन, पुसून, झाकण उलटं टाकून वाळवणारा. मला त्या झाकणाचा फार वैताग यायचा.

जुनी यंत्रणा मोडीत काढून सगळ्या फायली नव्या यंत्रणेत न्यायच्या होत्या. ते काम त्याच्या गळ्यात पडलं. जुन्या यंत्रणेत साध्या मजकुराच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन खुणा असत, नवीला एकच चाले. म्हणजे मजकुरातली जादा खूण काढायची आणि फोटो, आलेख, आवाज असल्या बायनरी फायलींना बोटही लावायचं नाही, कारण तिथे तीच खूण मोजमापातला एक आकडा असते. एवढ्या फायली उघडून बघणार कोण? म्हणून त्याने एक प्रोग्राम लिहिला, तीच ही चाळणी. प्रत्येक फाइलचे पहिले आठ हजार बाइट वाचायचे. त्यात शून्य बाइट सापडला तर बायनरी, नाही तर मजकूर. हे शून्य म्हणजे आपण टाइप करतो तो आकडा नव्हे, अगदी रिकामा बाइट. माणसाच्या मजकुरात तो येत नाही, यंत्राच्या फायलीत पावलोपावली सांडलेला असतो. बहुतेक लोक असंच करतात. मी तर म्हटलंही होतं, आठ हजार कशाला, हजार पुरेत.

त्याने प्रत्येक प्रकारच्या थोड्या फायली उघडून पाहिल्या. सगळं जागच्या जागी होतं. मग नियमाप्रमाणे जुन्या डिस्कना भोकं पाडून त्या भंगारात गेल्या.

त्याला एक धाकटी बहीण होती. घरात तिला ठकी म्हणत, म्हणून आम्हीही ठकीच म्हणायचो. आईवडील गेल्यावर त्यानेच तिला वाढवलं. ती शर्टाच्या कारखान्यात काजं करायची. लहानपणापासून तिला फिट यायची. एकदा मशीनवर असतानाच आली आणि सुई बोटातून आरपार गेली. तेव्हापासून तिला मशीनला हात लावू देत नव्हते, कोपऱ्यात बसून हाताने बटणं लावायची. जिभेला मात्र हाड नव्हतं. "दादा मला पडताना धरतो हं," ती सांगायची, "पण आधी चष्मा काढून, पुसून, खिशात ठेवतो."

मेंदूचे डॉक्टर म्हणाले, फिट नेमकी कुठून सुरू होते हे कळलं तर तेवढा भाग काढता येईल, ती बरी होऊ शकेल. आणि ते कळण्याची सोय होती. काही वर्षांपूर्वी डोक्याला वायरी लावलेल्या असतानाच तिला फिट आली होती आणि मेंदूच्या रेघा आमच्याच हॉस्पिटलात नोंदल्या गेल्या होत्या. चाळणी त्या दिवशी जिन्यावरून शीळ घालत उतरला. फाइल उघडली. वरचा मजकूर शाबूत होता. खाली रेघेच्या जागी नुसता गिचमिडकाला.

मेंदूच्या रेघा नोंदणारं जुनं यंत्र एका पेशंटची एकच फाइल ठेवायचं, वर टिपणं आणि खाली रेघा. बहुतेकांची टिपणं चार ओळींची. पण यंत्र चालवणाऱ्या बाईंना ठकीचा लळा होता. तिची झोप, तिच्या गोळ्या, तिने केलेले विनोदसुद्धा त्या दर खेपेला लिहून ठेवत. वाढत वाढत टिपणं आठ हजार बाइटच्या पुढे गेली. चाळणीच्या प्रोग्रामला तेवढ्यात शून्य सापडलंच नाही. प्रोग्रामने फाइल मजकुरात टाकली आणि रेघांमधले आकडे जादा खुणा समजून उपटून काढले. ज्यांचं दुखणं सर्वांत जुनं, त्यांच्याच फायली नासल्या होत्या. त्याने त्याच दिवशी साहेबांना जाऊन सांगितलं. साहेबांनी कपाळाला हात लावला.

मग त्याने जिवाचं रान केलं. आकडा गळाला की रेघ वेडीवाकडी उडी मारते. उडी दिसली की अंदाजाने आकडा परत बसवायचा, पुढे सरकायचं. कितीतरी आठवड्यांनी रेघ सरळ वाहू लागली. डॉक्टरांकडे जाताना त्याने मलाही सोबत नेलं.

डॉक्टर खूश झाले. "सुरुवात स्पष्ट दिसतेय. ही रेघ तिचीच ना?"

मी मनात म्हटलं, हो म्हण.

"बरीचशी तिची," चाळणी म्हणाला. "मधेमधे मी भरलीय."

"सुरुवात दिसतेय तिथे?"

"तिथेही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग यावर मला चाकू चालवता येणार नाही."

दुसरा मार्ग एकच होता. वॉर्डात ठेवायचं, वायरी लावायच्या, गोळ्या बंद करायच्या आणि फिटची वाट बघायची. धोका होता, तो त्यांनी समजावून सांगितला. ठकी तयार झाली. तिला पुन्हा मशीनवर बसायचं होतं. "इतकी वर्षं नको नको म्हणताना यायची," ती म्हणाली, "आता बोलावलीय तर बघा, रुसून बसेल."

रुसली नाही. एक आली, तिच्या पाठोपाठ दुसरी, मग थांबेचना. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. ठकी शुद्धीवर आलीच नाही.

दिवस झाल्यावर तो कामावर आला. डबा तसाच धुतला, झाकण तसंच उलटं ठेवलं. मग मला हाक मारली. स्क्रीनवर दोन रेघा होत्या, वर त्याने दुरुस्त केलेली जुनी, खाली वॉर्डातली नवी. दोन्हींत फिटची सुरुवात एकाच वायरीवर, तशाच थरथरीने.

"जुळतंय," तो म्हणाला.

मला त्याचा भयंकर राग आला, आणि लगेच रडूही आलं. म्हटलं, "तुला तेव्हा कुठे माहीत होतं रे?"

"तिने विचारलं होतं, ताई. वॉर्डात नेताना. 'दादा, तुझी रेघ बरोबर आहे ना, मग हे कशाला?'" त्याने चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला. "मी म्हटलं, खात्री नाही."