अकोल्यात दाखवलेलं लाल कार्ड

शिट्टीला एक चव असते, हे फुंकणाऱ्यालाच ठाऊक. किंचित धातूची, किंचित खारट, धावून धावून कोरड्या पडलेल्या ओठांवर रेंगाळणारी. सामना संपून घामाचा सदरा वाळतो, दोन कप चहा होतो, तरी ती जिभेवरून उतरत नाही. परवाच्या रविवारी अकोल्याहून बडनेऱ्याला येणाऱ्या पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसलो होतो, तेव्हाही ती तोंडात होती. एरवी ही चव मला प्रिय आहे. त्या संध्याकाळी मात्र ती कडू लागत होती.

बाहेर माघ सरत आला होता. वेचणी आटोपलेली कापसाची पऱ्हाटी काळ्या रानात उभी होती, मधूनच घाट्यांवर आलेला हरभरा दिसत होता, आणि मावळतीचं तांबूस ऊन त्या सगळ्यावरून इतक्या हळुवारपणे निघून चाललं होतं की पाहणाऱ्याचं चित्त आपोआप शांत व्हावं. माझं झालं नाही. निसर्ग माणसाचं सांत्वन करतो, असं मी वर्गात किती वर्षं शिकवत आलो! पण ज्याने दोन तासांपूर्वी एका माणसाच्या आयुष्यातली पहिली फायनल काढून घेतली, आणि ती न्यायाने घेतली की अन्यायाने हे ज्याचं त्यालाच ठाऊक नाही, त्याचं सांत्वन हरभऱ्याचं शेत कसं करणार?

मी अमरावतीच्या एका शाळेत मराठी शिकवतो. मराठीच्या मास्तराचा आणि फुटबॉलचा संबंध काय, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही पुष्कळ दिवस वाटत असे. सत्तावीस वर्षांपूर्वी आमचे खेळाचे शिक्षक बदलून गेले आणि हेडमास्तरांनी त्यांची शिट्टी माझ्या हातात ठेवली. माझी पात्रता विचाराल तर, म्हणे, माझा आवाज मोठा आहे. शिट्टी वाजवणाऱ्याला मोठ्या आवाजाची गरज काय, हे विचारायचं धाडस त्या वयात नव्हतं. पुढे रीतसर परीक्षा दिल्या, नियमांचं पुस्तक घोकलं, आणि हळूहळू त्या हिरव्या-मातकट आयताचा मला असा लळा लागला की रविवारी घरी बसलो तर बायको कपाळाला हात लावून ताप पाहते.

परवाची, विदर्भातल्या जिल्हा संघांच्या कपची सेमीफायनल अकोल्यात होती. सामना अकोला विरुद्ध अमरावती. मी नुसता लाइनमन म्हणून गेलो होतो. नागपूरचे पंच ऐन वेळी आजारी पडले, आणि आयोजक डोक्याला हात लावून बसले असताना अकोल्याचा कॅप्टनच पुढे आला. म्हणाला, "सर हायेत ना! सर का फक्त अमरावतीचे हायेत? आमची मॅच सरच घेतीन." विश्वासासारखं जड ओझं जगात दुसरं नाही. प्रतिस्पर्ध्याने ते आपणहून खांद्यावर ठेवलं, तर माणूस वाकूनच चालतो. मी त्या मैदानावर वाकूनच उतरलो.

सामना अटीतटीचा झाला. वीसेक मिनिटं उरली होती, गोल कुणाचाच नव्हता, आणि अकोल्याला कॉर्नर मिळाला. चेंडू वर आला, आठ-दहा डोकी एकदम उंचावली, धुळीचा लोट उठला. कुणाच्या तरी डोक्याला लागून चेंडू गोलकडे निघाला. गोलकीपर चुकला होता. रेषेवर अमरावतीचा बॅक सोहेल एकटा उभा होता. चेंडू त्याच्या अंगावर कुठेतरी आदळला आणि परत फिरला. क्षणात अख्खं मैदान ओरडलं, "हँड! हँड!"

मी हात पाहिला नाही. हे वाक्य मी इथे प्रथमच लिहितो आहे आणि लिहिताना लाज वाटते. गोल पश्चिमेला होता, सूर्य नेमका त्याच्या मागे, आणि माझ्या डोळ्यांत नुसता उजेड. लाइनमनकडे पाहिलं, तर त्याचं निशाण खाली आणि तोंडावर 'मला विचारू नका' असा भाव. मग डोळे बारीक करून मी सोहेलकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. बस्स, एवढंच! माझा हात खिशाकडे गेला, लाल कार्ड वर झालं, आणि शिट्टीचा आवाज माझा मलाच परका वाटला.

लाल कार्ड म्हणजे त्या सामन्यातून बाहेर, आणि पुढच्या सामन्यातही बाहेर. पुढचा सामना म्हणजे फायनल. सोहेल अकरा वर्षं या संघाचा बॅक आहे. आता तिशीला टेकला आहे, फ्रिज दुरुस्तीचं दुकान सांभाळतो, एका मुलीचा बाप आहे, आणि या अकरा वर्षांत हा संघ फायनलला कधी गेलेला नव्हता. त्याने दंडावरची कॅप्टनची पट्टी काढून दुसऱ्याच्या हाती दिली आणि रेषेबाहेर जाऊन बसला.

आता तुम्ही म्हणाल, मान खाली गेली म्हणजे कबुलीच की! पण तुम्हाला सोहेल माहीत नाही. तो माझा विद्यार्थी. आठवीत असताना वर्गाची काच फुटली होती. मी सगळ्यांना उभं केलं, एकेकाच्या डोळ्यांत पाहत गेलो. सोहेलने मान खाली घातली आणि मी त्याला दिवसभर दाराबाहेर उभा केला. चौथ्या दिवशी कळलं, काच वरच्या वर्गातल्या मुलांच्या चेंडूने फुटली होती. त्या पोराची मान कुणीही रोखून पाहिलं तरी खालीच जायची. मी त्याची माफी मागितली नाही. मास्तराने माफी मागितली की वर्ग डोक्यावर बसतो, अशी आमच्या पिढीची एक भाबडी समजूत होती. आणि आता, इतक्या वर्षांनी, मी त्याच मानेवर भरवसा ठेवून तोच माणूस पुन्हा बाहेर काढला होता!

याहून वाईट एक शंका होती. अमरावतीचा पंच अमरावतीच्याच खेळाडूला बाहेर काढतो, केवढा हा निःस्पृहपणा! अकोल्याच्या प्रेक्षकांनी त्या वेळी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या कानांत शिरण्याआधीच मला हव्याशा तर झाल्या नव्हत्या? पक्षपातापेक्षा पक्षपात न केल्याचा देखावा अधिक फसवा. आपण किती नितळ आहोत हे दाखवण्यासाठी आपल्याच माणसाचा बळी देणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्या रांगेत आपण जाऊन उभे राहिलो की काय?

तरी देवाची कृपा की आम्ही जिंकलो. आम्ही, असं लिहून गेलो खरा; पंचाने असं लिहू नये. अकोल्याच्या कॅप्टनने त्या हँडबद्दल मिळालेली पेनल्टी बारवरून थेट मैदानाच्या भिंतीपलीकडे धाडली. अमरावतीचे दहा जण जिवाच्या आकांताने झुंजले, आणि शेवटच्या मिनिटांत त्यांच्या सगळ्यात बुटक्या विंगरने, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, डोक्याने गोल केला. शेवटची शिट्टी मी वाजवली. हायसं वाटलं, अगदी पोटातून हायसं वाटलं. ते लपवण्यासाठी मी बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिलो.

आणि आता तोच संघ, त्याच्यासोबत अमरावतीहून आलेले प्रेक्षक आणि मी एकाच डब्यात! सोहेल वरच्या फळीवर तोंडावर टॉवेल टाकून पडला होता. खाली त्याच्या कार्डावर खल चालला होता. एका बाजूला गजू, हा अमरावतीत ऑटो चालवतो आणि संघ जाईल तिथे पदरमोड करून जातो. दुसऱ्या बाजूला रहीमचाचा, कधीकाळचे विंगर, आता टेलर. संघाच्या जर्सी तेच शिवतात.

"छातीले लागला बॉल, छातीले!" गजू स्वतःची छाती बडवत म्हणाला. "म्या सोता पाह्यलं. सरायनं काहून काढलं त्याले?"

"अबे, तू तवा चहाच्या ठेल्यावर होता," चाचा शांतपणे म्हणाले. "हात होता, बाबा. रेड बनता था."

"बनता था म्हने! लोकायले घरचा रेफ्री भेटला तं पेढे वाटते. आपल्याले घरचा भेटला तं आपलाच मानूस बाहीर!" मग माझ्याकडे वळून अत्यंत आदराने, "सर, तुमाले नाही म्हनून राहिलो बरं का."

आमच्याकडे असंच आहे. पुण्याचा माणूस पाठीमागे बोलेल. आमचा समोर बसून बोलतो आणि वर सांगतो की तुम्हाला नाही म्हणत. कुणीतरी मध्ये पडून म्हणालं, "जिकलो ना पन? मंग सोड ना बे."

"जिकलो म्हनून तं बोलून राहिलो," गजू म्हणाला. "हारलो असतो तं सरायले या डब्यात बसू देल्लं असतं का कोनं?"

डबा हसला. मीही हसलो, कारण ते शंभर टक्के खरं होतं. विजय किती उदार असतो, नाही? तोच निर्णय, तोच पंच, तेच कार्ड. गोल झाला म्हणून त्या साऱ्याची थट्टा होऊ शकली. तो बुटका विंगर दोन इंच कमी उडाला असता तर मी मूर्तिजापूरलाच उतरून एस.टी. धरली असती. पण जिंकल्याने चूक माफ होते. ती बरोबर होत नाही. संघाने मला माफ केलं होतं, आणि त्या माफीचा मला काडीचाही उपयोग नव्हता. मला जे हवं होतं, ते वरच्या फळीवर टॉवेलखाली होतं.

तेवढ्यात टॉवेल हलला. सोहेल उठून बसला आणि पाय खाली सोडून म्हणाला, "हात लागला होता."

गजूचा हात छातीवर तसाच राहिला.

"लागला होता, तं तवाच सांगतलं काहून नाही बे?" तो चिडून म्हणाला. "म्या इथं घसा कोरडा करून राहिलो!"

"सांगतलं ना."

"कोनाले?"

"सरायले."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो मैदानावर माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हता. चाचांनी तेवढ्यात विजयी मुद्रेने गजूच्या पाठीत धपाटा घातला, विषय फायनलच्या जर्सीवर गेला, आणि बडनेरा येईपर्यंत मी सोहेलच्या त्या 'सांगतलं ना'चा अर्थ लावत राहिलो.

अमरावतीसाठी बडनेऱ्याला उतरलो. गर्दी जिन्याकडे निघाली, आणि सोहेलने मागून येऊन माझ्या हातातली पिशवी घेतली. मला राहवेना. जिन्याच्या पायरीवरच त्याला सांगून टाकलं की मला हात दिसला नव्हता, मी नुसती त्याची मान खाली गेलेली पाहून कार्ड काढलं होतं.

"मले माहीत हाये, सर. तुमच्या डोयात ऊन होतं," तो सहज म्हणाला. "तुमी डोये बारीक करून माह्याकडे पाहून राहिले होते. हात तं आपोआप गेला, थो काही इचारून जात नाही. पन मंग मले वाटलं, म्या मान वर ठेवली तं सर गेम चालू ठेवतीन; सरायले अकोल्यावाल्यायच्या पुढं खोटं काहून पाडावं? म्हनून म्या मान खाली घातली."

मी म्हटलं, शाळेतही तुझी मान अशीच खाली जायची.

"तवा भेवानं जाये, सर. आज म्या घातली."

मी तिथेच थांबलो. मागचे लोक धक्के देत पुढे जात होते. त्या काचेबद्दल मला तुझी माफी मागायची आहे, असं मी म्हणालो. तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला.

"कोनती काच, सर?"

सतरा वर्षं मी जे वाहत होतो, त्याची त्याच्याकडे नोंदही नव्हती! क्षणभर खरं म्हणजे रागच आला, मग हसू आलं, आणि मग इतकं हलकं वाटलं की तो जिना मी गुडघ्यांची कुरकुर न ऐकता चढलो. सत्तावीस वर्षं मला वाटत आलं की मैदानावरचा न्याय माझ्या खिशात असतो. पण त्या दिवशी उन्हाने मला आंधळं केलं असताना निर्णय त्याने दिला होता, स्वतःची फायनल पणाला लावून; मी फक्त कार्ड वर धरलं होतं. आपण न्याय करतो असं म्हणतो तेव्हा, समोरच्याच्या किती प्रामाणिकपणावर आपण उभे असतो, कुणास ठाऊक! हे नियमांच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही आणि मी ते कधी शिकवलेलंही नाही.

फायनलला मी पंच नाही. नागपूरचे पंच बरे झाले आहेत. स्टेशनबाहेर सोहेलने पिशवी परत दिली, दोन पावलं गेला आणि वळला.

"फायनलले या, सर. संगच बसू. पन बाहीर बसलं का रेफ्रीले शिव्या द्या लागते. जमन का तुमाले?"

मी म्हटलं, जमेल. सत्तावीस वर्षं ऐकतो आहे, सगळ्या पाठ आहेत.