नयनच्या किडनीतली साधी गाठ

सहा वर्षांपूर्वी मी एक मूर्खपणा केला, तो आधीच सांगून टाकते. परळच्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये डॉक्टर माझ्या मुलीला, नयनला, सांगत होते, "उजव्या किडनीत गाठ आहे. अँजिओमायोलायपोमा. म्हणजे रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांची मिळून झालेली. बिनाइन आहे, साधी, कॅन्सरची नाही. पण दर वर्षी..."

मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "कॅन्सर नाही ना? मग झालं," म्हणत नयनला उठवलं आणि चालत हिंदमाताला नेलं, साडी घ्यायला. दुकानदारालाही आनंदाने सांगितलं, साधी निघाली हो. त्या बिचाऱ्याने साध्या सुती साड्यांचा ढीग पुढ्यात टाकला.

तेव्हाची मी म्हणजे साठीची, केस काळे केलेली, आमच्या लालबागच्या चाळीतली बिनडिग्रीची डॉक्टरीण. माझा सिद्धांत असा की शोधायला गेलं की सापडतंच. पुढच्या वर्षी नयनने फाइल काढली तेव्हा मी म्हटलं, "दुखतंय का काही? मग कशाला उकरतेस?" त्याच्या पुढच्या वर्षी तिने फाइल काढलीच नाही.

यंदा उन्हाळ्यात तिची कूस दुखायला लागली. संध्याकाळी पाय सुजायचे. मी निदान केलं, ऑफिसात बसून बसून. मग लघवी लाल झाली आणि माझी डॉक्टरकी संपली.

सीटी स्कॅन झाला. सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं. "गाठ साधीच दिसतेय. पण ती रीनल व्हेनमध्ये, म्हणजे किडनीतून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेत शिरली आहे. तिथून पुढे इन्फिरिअर व्हेना कावामध्ये. पोटातून हृदयाकडे जाणारी ही सगळ्यांत मोठी शीर."

"साधी आणि अशी दुसऱ्याच्या घरात शिरते?" मी विचारलं.

"क्वचित शिरते, आजी. किडनी काढू, शीर उघडून आतला भाग ओढून घेऊ. आधीच एखादा तुकडा सुटून फुप्फुसात गेला, तर..."

या वेळी मी वाक्य पुरं होण्याची वाट पाहत बसले. त्यांनी ते केलं नाही.

पुढचे दहा दिवस तपासण्या. रक्त, एमआरआय, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. जावई फॉर्म भरत, मी बाकावर. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी नयन म्हणाली, "आई, बाहेर बसून बायकांना औषधं सांगू नकोस हं."

"एकीला फक्त ओवा सांगितला."

"अगं, तिच्या नवऱ्याला हर्निया आहे."

दोघी हसलो. मला माफी मागायची होती. शब्द तोंडात तयार होते. म्हटलं, उद्या शुद्धीवर आली की मागू.

ऑपरेशन सहा तास चालेल असं सांगितलं होतं. चौथ्या तासाला सर्जन बाहेर आले. जावई उभे राहिले. "तुकडा सुटला. खूप प्रयत्न केले," एवढंच ते म्हणाले.

आठवड्याने बायोप्सीचा, म्हणजे काढलेल्या गाठीच्या तपासणीचा, रिपोर्ट आला. नयन नव्हती, आणि गाठ साधीच होती.

तुमच्या घरात कुणाला अशी गाठ असेल तर घाबरून जाऊ नका. बहुतेकांना ती काही करत नाही, हेही मला डॉक्टरांनीच सांगितलं, आणि वेळेवर कळलं तर उपाय असतात. फक्त डॉक्टर 'पण' म्हणाले की खुर्चीतून उठू नका. आणि घरात माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला घरीच ठेवून जा.

डॉक्टरांनी नातीचीही एकदा तपासणी करून घ्या म्हटलं, खात्रीसाठी. सई एकोणीस वर्षांची आहे. तिच्यासमोर मी सगळं कबूल केलं. साडीचं, फाइलचं, उद्यावर टाकलेल्या माफीचं. ती आईच्या कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "आजी, सगळं स्वतःच्या नावावर घेऊ नकोस. आईला एकटीला जाता आलं असतं. तिलाच भीती वाटायची, तू नको म्हणालीस की सुटायची. मलापण वाटते. शुक्रवारी माझी सोनोग्राफी आहे. तू नको म्हणालीस तरी मी जाणार. येतेस का सोबत?"