आतोबांच्या मोटारीचा ओला रंग

मोटार कुठंतरी जाण्यासाठी असते, हा जगाचा गैरसमज दूर करण्यासाठीच परमेश्वरानं आमच्या आतोबांना जन्माला घातलं असावं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. कर्जतला त्यांची भाताची गिरणी होती आणि गिरणीच्या मागच्या पडवीत, जिथं दुसऱ्या कुणी म्हैस बांधली असती तिथं, त्यांची मोटार उभी असे. मोटार केवढीशी! दोघं पुढं, मागं अवघडून एक, वर घडी होणारं कापडी टप आणि दोन्ही बाजूंना कमरेएवढे बुटके दरवाजे. खंडाळ्याच्या एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थाकडून त्यांनी ती घेतली होती, आणि ती घाट उतरून कर्जतला आली तो तिच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत लांबचा प्रवास. पुढं लढाई सुरू झाली, पेट्रोलवर नियंत्रण आलं, आणि मोटारवाले सगळे हवालदिल झाले. आतोबा तेवढे खुशीत होते. आता गाडी बाहेर काढा म्हणून कुणी मागं लागणार नव्हतं. कुपनावर जे थोडंफार पेट्रोल मिळे ते ते बाटलीत भरून ठेवत आणि बोळ्यानं मोटारीवरचे तेलकट डाग पुसायला वापरत. सगळा मुलूख थेंबाथेंबासाठी तळमळत असताना पेट्रोलनं मोटार पुसणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

मी त्या वेळी खालापूरला कचेरीत कारकून होतो. सुटी पडली की आत्याच्या हातचं जेवायला कर्जत गाठायचो. पोचल्यावर आधी मोटारीचं दर्शन घ्यावं लागे, जेवण मागाहून. सकाळी पहिली आंघोळ मोटारीची, मग आतोबांची. तिचं अंग पुसायला आत्याचीच जुनी, धुऊन मऊ झालेली लुगडी लागत. धोतराच्या कापडानं चरा पडतो, असं त्यांचं ठाम मत होतं. लुगडं जरा विरलेलं दिसलं की आतोबांचे डोळे लकाकत. आत्या म्हणे, "आवो, अंगावरचं तरी ऱ्हाऊ द्या! त्या सवतीला नेसवायचं तर नवं आणून नेसवा."

डागडुजीचा रंगही त्यांचा घरचाच. स्पिरिटमध्ये चपडी लाख विरघळवायची, तिच्यात दिव्याची काजळी खलायची आणि खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्यानं, श्वास रोखून, चऱ्यावर लावायची. कोंबडीनं नख मारलं, मांजरानं उडी टाकली, नुसतं वाऱ्यानं वाळकं पान घासून गेलं तरी कुंचला निघे. विमानांच्या भीतीनं मोटारींच्या दिव्यांना काळा कागद आणि मडगार्डांना पांढरा पट्टा लावण्याचा हुकूम निघाला तेव्हा आतोबांनी सुताचा धागा ताणून, पुसून, पुन्हा ओढून असे देखणे पट्टे काढले, की गाव बघायला आलं. रात्रीच काय, दिवसाही पडवीच्या बाहेर न पडणाऱ्या गाडीला हे कशाला, असं मी विचारलं. "तुला न्हाय कळायचं," एवढंच ते म्हणाले.

चकाकी आणायला मधाच्या पोळ्याचं मेण. कशेळ्याच्या बाजूच्या ठाकूरवाडीतून ते येई. एकदा आतोबांना दम निघेना, म्हणून ते नीट न गाळताच त्यांनी ते मोटारीवर चोळलं. पहाटे गिरणीचा गडी गोमा धावत आला. "शेठ, उठा! मोटारीला मुंग्या लागल्यात!" खरंच लागल्या होत्या. मधाच्या वासानं आख्खी मोटार तांबडी झाली होती आणि हलत होती. दुसऱ्यानं पाणी ओतलं असतं. आतोबांनी हातात मोरपीस घेऊन एकेक मुंगी हळूच खाली उतरवली, कारण चिरडली तर डाग पडतो. त्या दिवशी गिरणी दुपारनंतर सुरू झाली.

क्वचित गाडी बाहेर निघालीच, तर आणखी मौज. पुढं बैलगाडी दिसली की आतोबा झाडाखाली मोटार थांबवत आणि तिची धूळ बसेपर्यंत विडी ओढत. तोवर दुसरी बैलगाडी येई. एकदा स्टेशनावर मला घ्यायला म्हणून निघाले आणि मी चालत घरी पोचून, जेवून, हात धुवायला परसात आलो तेव्हा परतले. "फार गाड्या रं रस्त्याला," म्हणाले.

आमच्या आत्याची मात्र एकच इच्छा होती. कशेळ्याला, आपल्या माहेरी, एकदा मोटारीतून जायचं. पुढच्या सीटवर बसून, सगळ्यांच्या देखत. इच्छा काही फार मोठी नव्हती. कर्जत-कशेळं म्हणजे बैलगाडीनं सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं, एवढंच अंतर. पण आत्यानं विषय काढला की आतोबा मोटारीकडं बघत आणि म्हणत, "जाऊ की. आत्ता रंग वला हाय." ही चपडी फुंकर घालीपर्यंत वाळते हे आत्यालाही ठाऊक होतं. तसं ती म्हणाली की उत्तर तयार असे, "वरनं वाळतो गं. आतनं वला ऱ्हातो." लढाई संपली तरी तो रंग काही आतून वाळला नव्हता.

मग माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न कशेळ्याला ठरलं. आत्यानं निर्वाणीचं सांगितलं, भाचीच्या लग्नाला मी मोटारीतूनच जाणार. आतोबांनी शब्द दिला. मलाही त्यांच्याबरोबरच जायचं होतं, म्हणून मी आदल्या दिवशीच येऊन राहिलो. सकाळी आत्या नवं लुगडं नेसून, कोपरापर्यंत हिरवा चुडा भरून, ओटी-फराळाचं बोचकं घेऊन पडवीत आली. आतोबा तिच्याच बाजूच्या दरवाज्यापाशी उकिडवे बसले होते. हातात कुंचला. मेणाचा ताजा हात दिल्यावर त्यांना तिथं एक चरा सापडला होता.

"थोडं थांब गं," ते मान वर न करता म्हणाले. "वला हाय."

आत्यानं बोचकं उचललं, अंगणात गोमा भाताच्या पोत्यांसाठी गाडी जुंपत होता त्या गाडीत जाऊन बसली आणि म्हणाली, "गोमा, चल कशेळ्याला." गोम्यानं एकदा शेठकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं पाहिलं आणि बैल हाकले.

आतोबा कुंचला घेऊन तसेच उभे राहिले. मग एकदम मला म्हणाले, "बस रं!" आणि हँडल मारून त्यांनी मोटार काढली.

गावाबाहेर आम्ही बैलगाडी गाठली. उन्हाळ्याचे दिवस, रस्ता पिठासारखा झालेला. ज्या माणसानं आयुष्यात कुणाच्या बैलगाडीची धूळ घेतली नाही तो आपल्याच गाडीच्या मागं, बैलांच्या चालीनं, धुळीत मोटार चालवू लागला. ताज्या मेणावर धूळ बसत होती ती उठतच नव्हती. आधी बॉनेट गेलं, मग पांढरे पट्टे गेले, मग आतोबांच्या मिशा. मी मागच्या सीटवर नाकाला रुमाल लावून सगळं पाहत होतो. आतोबा अधूनमधून मान बाहेर काढून ओरडत, "अगं, ये ना मोटारीत!"

"नको," पुढून आवाज येई. "रंग वला असंल. लुगड्याला लागंल."

असे आम्ही निम्मी वाट गेलो. शेवटी एका ओढ्यापाशी गोम्यानं बैल पाण्यावर सोडले तेव्हा आतोबा खाली उतरले आणि गाडीच्या चाकाला हात लावून उभे राहिले. मोटार आणि मालक एकाच मातीचे झाले होते.

"वाळला का रंग?" आत्यानं विचारलं.

"वाळला."

"कवा?"

"तू गाडीत बसलीस तवाच."

आत्या हसली. मोटारीत चढताना पाय पुसायचे, असा आतोबांचा दंडक होता. ती धुळीच्या पायांनी तशीच चढली आणि त्यांनी तिला हात दिला. टप खाली केलेलं होतं. आत्या कोपर दरवाज्यावर टेकून बसली, आणि मग कशेळ्यापर्यंत तिनं रस्त्यात एक माणूस सोडला नाही. शेतातल्या बायांना, मोळ्या घेऊन येणाऱ्या ठाकरणींना, गुराख्यांना, सगळ्यांना ती हात वर करून सांगे, "माहेराला चाललीय गं! भाचीचं लगीन हाय!" हात खाली येई तो दरवाज्याच्या कडेवर. काचेचा चुडा त्या चपडीवर करकर घासे. प्रत्येक करकरीला आतोबांची मान आत जाई. पण त्यांनी मोटार सावकाशच चालवली, आणि तिला हात आत घे म्हणून एकदाही सांगितलं नाही. मला त्या दिवशी ते फार आवडले.

त्यानंतर फार दिवस नाही गेले. स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या साली विषमज्वराचं निमित्त होऊन आत्या गेली.

दिवसपाणी उरकल्यावर काही महिन्यांनी मी कर्जतला गेलो. आतोबा पडवीतच होते. मोटार आरशासारखी लखलखत होती, हातात आत्याचं लुगडं होतं. आता लुगड्यांना तोटा नव्हता. मी मोटारीभोवती फिरू लागलो. सगळीकडं तुकतुकीत काळा रंग. फक्त आत्याच्या बाजूच्या दरवाज्याची वरची कड चऱ्यांनी पांढुरकी झालेली. एवढं कसं राहून गेलं म्हणून मी पडवीच्या खिडकीतला कुंचला उचलला, चपडीत बुडवला आणि कडेपाशी नेला.

आतोबांनी माझं मनगट धरलं. त्या हातात इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"तिथं नको लावू रं," ते म्हणाले. "वला हाय."

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते दरवाज्याकडं पाहत होते.

"वरनं वाळलाय," ते हळूच म्हणाले. "आतनं न्हाय वाळला अजून."