अण्णांच्या मनगटावरचं माझं घड्याळ

मारुतीला फसवावं असं माझ्या मनात कधीच नव्हतं. मला फक्त बायकोला फसवायचं होतं, आणि तेही पहिल्यांदा झालं ते चुकूनच.

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मागे, पिंपळाखाली, मारुतीचं लहानसं देऊळ आहे. गेल्या वर्षी माझी साखर काठावर आली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि शुभाने, म्हणजे आमच्या हिने, औषध आणि देव यांची एकाच दमात सांगड घालून टाकली: रोज सकाळी मारुतीला एक्कावन्न प्रदक्षिणा. बंगळुरूहून लेकीने, मुक्ताने, पावलं मोजणारं आणि नाडी बघणारं घड्याळ पाठवलं. त्याचे आकडे तिच्या फोनवर जात, तिथून आईकडे येत, आणि मी देवळातून घरी पोचेपर्यंत माझा निकाल लागलेला असे. पूर्वी देव सगळं बघतो म्हणायचे. आता मुलगीही बघते.

खरं सांगायचं तर माझी श्रद्धा तेव्हा बेताचीच होती. बाकीचे आत जाऊन हात जोडत आणि मी बाहेर चपला सांभाळत असे, त्या जातीचा मी भक्त. दोन फेऱ्या कशाबशा होत. तिसऱ्या फेरीला पिंपळाच्या पारापाशी आलो की अंगात आळस भरून येई, जांभई अडकून बसल्यासारखा जबडा जड होई, आणि मी पारावर टेकत असे. टेकलो की पाच मिनिटांत बरं वाटे. बसल्यावर बरं वाटणं हे आळशी माणसाचं लक्षण, हे आमच्या घरात सर्वमान्य होतं. मलाही मान्य होतं. शुभा चहाचा कप पुढे करताना म्हणे, "मारुतीने एका उडीत समुद्र ओलांडला, तुमच्याने पिंपळ ओलांडवत नाही!"

एका सकाळी देवळाच्या नळावर हातपाय धुताना मी घड्याळ काढून अण्णांच्या हातात दिलं. अण्णा आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एकटे राहतात. मूळचे मालवणकडचे, सत्तरी ओलांडलेले, पत्नी गेल्यापासून त्यांची सकाळ मारुतीपाशीच जाते. घड्याळ हरवू नये म्हणून अण्णांनी ते सरळ मनगटावर चढवलं आणि आपल्या एक्कावन्न फेऱ्या सुरू केल्या. त्यानंतर रोजच्याप्रमाणे गाभाऱ्यासमोर डोळे मिटून अर्धा तास नामस्मरण केलं. मी पारावर बसून राहिलो, कारण त्यांच्या समाधीत घड्याळ मागणार कसं? घरी आलो तर शुभा दारात हसत उभी! त्या दिवशी मला साखर घातलेला चहा मिळाला. वर मुक्ताने फोन करून सांगितलं, "बाबा, प्राउड ऑफ यू."

साखरेच्या चहाला मी विकला गेलो. दुसऱ्या दिवशी अण्णांना सांगितलं, "अण्णा, पट्ट्याने माझ्या मनगटाला पुरळ येतं, तेवढं देवळात तुम्ही घालाल का?" अण्णा भाबडे. "दी रे, माझ्या हाताक काय धाड भरली नाय," म्हणाले. अशा रीतीने तीन आठवडे अण्णा चालले आणि मी पारावर बसून प्रसादाचे फुटाणे खाल्ले. समोर मारुती होता. त्याच्याकडे बघायचं मी टाळत असे.

मग एके दिवशी देवळातून घरी आलो तर शुभा पर्स घेऊन तयार होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. मुक्ताच्या फोनवर इशारा आला होता: वडिलांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडताहेत. मी काही बोलायच्या आत मला रिक्षात घातलं होतं. शुभाने वाटभर माझा हात धरून ठेवला होता. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, रिक्षात तिने हात धरल्याचं मला आठवत नाही.

हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ईसीजी काढला. तो अगदी व्यवस्थित आला. पण हा दोष येऊन-जाऊन असू शकतो म्हणून त्यांनी माझ्या छातीवर एक चपटी पट्टी चिकटवली. ती आठवडाभर प्रत्येक ठोका टिपून ठेवणार होती. मग घड्याळाच्या नोंदी बघत त्या म्हणाल्या, "काका, गंमत आहे. सगळे इशारे सकाळी सात ते साडेसातमधलेच आहेत. त्या वेळी तुम्ही काय करता?"

"मारुतीसमोर नाव घेत बसतात," शुभा अभिमानाने म्हणाली.

तिला मीच तसं सांगून ठेवलं होतं. सात ते साडेसात घड्याळ नामस्मरणाला बसलेल्या अण्णांच्या मनगटावर असतं, हे त्या खोलीत मला एकट्यालाच माहीत होतं. डॉक्टरीणबाई पुढे समजावत होत्या की असे ठोके पडले की हृदयात रक्त साकळतं, त्याची गुठळी मेंदूत गेली की अर्धांगवायू होतो, म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या वेळेवर सुरू व्हायला हव्यात. मी मान हलवत होतो. डोळ्यांसमोर तळमजल्यावर एकटेच राहणारे अण्णा होते.

तरी मी लगेच बोललो नाही, हे लिहायला लाज वाटते. शुभाने धरलेला हात सोडवत नव्हता. संध्याकाळी मी अण्णांकडे गेलो आणि खरं न सांगता त्यांना डॉक्टरकडे न्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, ज्येष्ठांसाठी मोफत तपासणी आहे. अण्णा म्हणाले, "माका काय जाला? तुझा तू बघ. छातीर चिकटपट्टी लावन फिरतंस, नि माका शिकवतंस!"

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मला आता एकट्याला बाहेर सोडत नव्हते, त्यामुळे देवळात शुभाही आली. माझ्या फेऱ्या बंद केल्या होत्या. मी पारावर बसून, कधी नव्हे ते मारुतीकडे बघत मनात म्हणत होतो की देवा, माझ्या तोंडून निघत नाही, तू काहीतरी कर. अण्णांची एकतिसावी की बत्तिसावी फेरी चालू असेल. वीस वर्षांत फेरीत कधी न थांबलेला तो माणूस देवळाच्या भिंतीला हात लावून उभा राहिला. म्हणाला, "जरा थांबतंय रे."

बस. मी उठलो आणि मारुतीसमोर, बायकोसमोर, फुलवालीसमोर सगळं बोलून टाकलं. घड्याळ अण्णांच्या हातात असायचं, ठोके अण्णांचे आहेत, मी फुटाणे खात होतो. फुलवालीने हार ओवायचा थांबवला. शुभा म्हणाली, "लबाड!" आणि माझ्याकडे पाठ करून अण्णांना धरायला गेली. अण्णा भिंतीला टेकून विचार करत होते. त्यांची शंका वेगळीच होती. "मगे ह्यो फेऱ्यो कोणाच्यो धरूच्यो? माझ्यो की तुझ्यो?"

त्यांना रिक्षात घालून आम्ही हॉस्पिटलमध्ये गेलो. ईसीजीच्या कागदावर अण्णांचे ठोके ढोलपथकात नवीन आलेल्या पोरासारखे पडत होते. गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी माझी पट्टी काढायला घेतली, आणि काढता काढता सहज विचारलं, "पण काका, तुम्ही स्वतः का चालत नव्हता?"

"आळस," मी म्हटलं. "तिसऱ्या फेरीला पिंपळापाशी जबडा जड होतो. बसलं की हलका होतो."

त्यांचा हात थांबला. "रोज? त्याच जागी?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "काका, आळस असा जागा धरून येत नाही. चालताना येतं आणि बसलं की जातं, ते हृदयाचं दुखणंही असू शकतं."

हल्ली नळी न घालता, हाताच्या शिरेत औषध सोडून, बाहेरूनच हृदयाच्या धमन्यांची चित्रं काढतात. त्यासाठी नाडी संथ लागते. गोळी देऊनही माझी नाडी खाली येईना. मशीनवरचा तंत्रज्ञ म्हणाला, "काका, कसला विचार करताय?" मी म्हटलं, "बायकोचा." "मग जरा दुसऱ्या कुणाचा करा ना!" मी डोळे मिटले. मारुती समोर आला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याकडे काही मागितलं नाही. म्हटलं, तुला घड्याळाशिवायही सगळं कळतं, आता तूच बघ. थोड्या वेळाने तंत्रज्ञ म्हणाला, "झकास, असेच पडून राहा." ते गोळीने झालं की कशाने, यावर मी वाद घालत नाही.

मुख्य धमनी जवळजवळ बंद होत आली होती. दोन दिवसांनी मनगटातून बारीक नळी सरकवून आत जाळीची स्प्रिंग बसवली. मी जागाच होतो. पुढे दोन दिवसांत घरी आलो. छातीवर टाका नाही, मनगटावर तेवढा एक ठिपका. वाटलं, घड्याळ चुकवणाऱ्याला देवाने शेवटी मनगटच धरून ओढलं.

मी पुष्कळदा विचार करतो. अण्णांचा दोष सापडला तो माझ्या खोटेपणामुळे, पण माझा सापडला तो खरं बोललो तेव्हा. गप्प राहिलो असतो तर आठवड्याने पट्टी निर्दोष निघाली असती, आणि मी साखरेचा चहा पीत राहिलो असतो, किती दिवस कोण जाणे. मी देवापासून जे लपवत होतो ते त्याला ठाऊकच होतं. मला जे ठाऊक नव्हतं तेही त्याला ठाऊक होतं. शरण जाणं म्हणजे फार मोठं काही असेल असं मला वाटे. माझ्या बाबतीत ते फुलवालीच्या देखत फुटाण्यांची कबुली देण्याएवढंच निघालं.

दोन महिन्यांनी परवानगी मिळाल्यावर मी आणि अण्णा पुन्हा देवळात गेलो. अण्णांच्या हातात आता त्यांचं स्वतःचं घड्याळ आहे, मुक्ताने पाठवलेलं. तिसऱ्या फेरीला पिंपळापाशी आलो आणि सवयीने थांबलो. जबडा हलका होता. श्वास होता तसाच होता. एवढ्याशा गोष्टीने डोळे भरून आले आणि मी पारावर टेकलो.

शुभा तिथेच आमच्या दोघांच्या चपला सांभाळत बसली होती. तिने आधी माझी बाही वर करून घड्याळ आहे ना ते बघितलं. मग पदराने डोळे पुसले, आधी माझे, मग स्वतःचे.

"वर्षभर आळशी म्हणाले, ते मागे घेते," ती म्हणाली. "लबाड म्हणाले ते राहू दे, त्याच्यावरच तुम्ही दोघं वाचलात. आता उठा, अठ्ठेचाळीस राहिल्यात."