सोडवल्या गेली

जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये सरांच्या घरी बैठकीत आम्ही चौघं बसलो होतो, चौघंही मराठी घरचे. फळ्यावर जुन्या ग्रीकचं क्रियापद. भूतकाळ, कर्मणी. एलुथेन.

"मराठीत सांग," सर मला म्हणाले.

"मी सोडवल्या गेली."

सरांनी खडू खाली ठेवला. "काय गेली?"

"सोडवल्या गेली."

"माणसं 'सोडवली गेले' म्हणतात." मग बाकीच्यांकडे वळले. "ऐकलंत? ही वस्तीतली कर्मणी."

सगळे हसले. एकजण म्हणाला, "दीदी, फिर से बोलो ना." सरांनी मला उभं केलं. पुन्हा म्हणायला लावलं. मी म्हटलं.

आमचं घर महाराजपूरच्या वस्तीत. आजोबा नागपूरकडून इथं कारखान्यात आले, बाबाही तिथंच. घरी बुद्धवंदना होते. धम्माची शिकवण ग्रीकमध्येही दगडावर कोरून आहे, हे कॉलेजात कळलं. ती मला स्वतः वाचायची होती. जबलपुरात ग्रीक शिकवणारे हेच एक सर सापडले. पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशासाठी शिफारसही त्यांचीच लागणार. जाणार कुठं?

म्हणून जात राहिली. नवीन धातू आला की सर म्हणत, "चला, वस्तीची कर्मणी ऐकू." मी उठायची. म्हणायची. बसायची.

मग मी घरी आरशासमोर घोकायला लागली. मारली गेले. बोलावली गेले. हाकलली गेले.

आईनं ऐकलं. "असं काहून बोलून राहिली?"

मी सांगितलं. सगळंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "चाय पी लो बेटा." आई माझ्याशी कधी हिंदीत बोलली नव्हती. "हिंदीत काहून?" मी विचारलं. ती खाली बघून म्हणाली, "माझ्यानं तुझी मराठी बिघडून राहिली ना."

चहा तसाच राहिला.

पुढच्या क्लासला सर म्हणाले, "चला, ऐकू."

मी उभी झाली. "सर, ग्रीक चुकलं तर सांगा. मराठी माझ्या आईची आहे. तिच्यावर हसायचं नाही."

"मग शिफारस विसर."

"विसरली."

मी चप्पल घालून खाली आली.

प्रवेशाचं दार बंद आहे. दुसरे सर मिळाले नाहीत. घरी एकटीच धातू चालवते, अडते, पुन्हा सुरू करते. ग्रीक सोडणार नाही. त्या दगडावरचं मराठीत आणीन, तेही आईच्याच मराठीत. छापीन तसंच.

ज्याचे कान दुखतील, त्यानं उठून जावं. आता मी उठणार नाही.