गुणवंत देवपुजारींचे दोन सामने

गुणवंत देवपुजारी जबलपुरात तोफगोळ्यांच्या कारखान्यात लेथवर होते. क्रिकेटमध्ये ते कव्हरला उभे असले की समोरचा गडी चोरटी धाव घ्यायला धजत नसे. तरी राज्याच्या संघात नाव यायला एकतिसावं वर्ष उजाडलं. तेही पासष्टच्या लढाईनंतरच्या हिवाळ्यात, कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या चालू असताना.

पहिल्या सामन्यासाठी फोरमनने कुरकुरत सोडलं. नागपूरला गुणवंत आठव्या नंबरवर खेळायला गेले आणि कप्तानाच्या हाकेवर धावून, एकही चेंडू न खेळता धावबाद झाले. कप्तानाने नंतर चूक आपलीच म्हणून कबूल केलं. त्यामुळे गुणवंतांचा संताप आणखीच वाढला. स्कोअरबुकात ती कबुली कोण लिहिणार होतं?

दुसरा सामना जबलपुरातच झाला. गुणवंतांनी नाबाद चव्वेचाळीस केल्या, कव्हरला सूर मारून एक झेल घेतला. तिसऱ्या सामन्यासाठी नाव पक्कं झालं. रजेचा अर्ज फोरमनकडून मोठ्या साहेबांकडे गेला आणि नव्या फॉर्मवर लिहून द्या म्हणून परत आला. ऑफिसातला बाबू रोज "कल देखेंगे" म्हणे. शेवटी संघ त्यांच्याशिवाय गेला. त्यांच्या जागी घेतलेल्याने शतक ठोकलं.

सामना संपल्यावर नवव्या दिवशी रजा मंजूर झाली. आता नको, असं गुणवंतांनी सांगितलं, तर बाबू म्हणाला की रद्द करायला वेगळा अर्ज लागेल. मग ते चार दिवस घरीच बसले. आमटी खारट, रेडिओ मोठा, दार वाजतं. सगळ्यात खोट काढत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांची बायको विनता म्हणाली,

"काहून माझ्यावर चिडून राहिले? तुमचा अर्ज का मी अडवला होता?"

गुणवंतांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "कारखान्यात चिडता येत नाही ना."

विनताने भाजीची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि बाजारात पाठवलं.

पुढच्या हंगामात बोलावणं आलं नाही. गुणवंतांनीही चौकशी केली नाही. कारखान्याच्या संघाकडून मात्र ते पंचेचाळिशीपर्यंत खेळले, आणि दर रविवारी पांढऱ्या पँटीवरचे गवताचे डाग विनता बडबडत घासत राहिली.