मोठ्या सुनेचं मत

मत मागायला कोणी आलं की आमच्या घरातल्या बायका चहा ठेवून आत जायच्या. ताई जायची नाही. रिकामा ट्रे पोटाशी धरून ती दाराशी उभी राहायची आणि पाहुण्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायची.

ताई म्हणजे माझी मोठी जाऊ, शशिकला. ती सातवी शिकलेली, मी बी.ए. तरी आमच्या नाकाडोंगरी गावातल्या बायका सल्ल्याला तिच्याकडेच यायच्या. माझा नवराही म्हणायचा, "वहिनीले विचार." ते मला सलायचं.

सासरे, म्हणजे मामाजी, चाळीस वर्षं एकाच पक्षाचे. घरची सगळी मतं तिकडेच जायची. एकदा पंचायत समितीची जागा बायकांसाठी राखीव होती. त्यांच्या पक्षाची उमेदवार बाई नवऱ्यासोबत घरी आली. ताईनं तिला विचारलं, "बाई, निवडून आल्या तर पहिलं काम कोणतं करान?" उत्तर नवऱ्यानं दिलं, रस्ता, नळ, सगळं. ताई म्हणाली, "भाऊ, मी बाईले विचारून राहिली." पुन्हा नवराच बोलला. बाई खाली मान घालून बसली.

मतदानाच्या संध्याकाळी भांडी घासताना ताई मला म्हणाली, "मामाजीची पार्टी चांगली असन. पण जिले तिच्याच निवडणुकीत बोलू देत नाही, ते बाई आपल्यासाठी काय बोलन? मी दुसरीकडं दिलं."

दुसऱ्याच दिवशी मी ते मामाजींच्या कानावर घातलं. तिची घरातली पत एकदा तरी उतरलेली मला पाहायची होती.

मामाजींनी तिला बोलावलं. "मोठे, खरं आहे का?"

नाही म्हणाली असती तर तिथेच मिटलं असतं.

"हो मामाजी. मत माझं होतं."

त्यानंतर पंधरा दिवस मामाजींनी तिच्या हातचं ताट घेतलं नाही. मी वाढायचे, आणि मला ते आवडायचं. कोणी सांगितलं हे ताईनं ओळखलं होतं. ती एवढंच म्हणाली, "सांगितलं तर सांगितलं. मी काही चोरी नाही केली. तू काहून तोंड लपवून राहिली?"

मग एका दुपारी मामाजींनी आपणहून तिला वाढायला हाक मारली. पुढे तर दर निवडणुकीआधी विचारू लागले, "मोठे, तुले काय वाटते?" मी कधीच त्यांच्या शब्दाबाहेर गेले नव्हते. मला एकदाही विचारलं नाही.

तिच्या मुलाला जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरी लागली तशी ताई तिथल्या क्वार्टरमध्ये राहायला गेली. खरं सांगते, मला हलकं वाटलं.

गेल्या निवडणुकीत मामाजींच्या पक्षाचा माणूस सभेत आडनाव विचारून कोणाला खुर्ची, कोणाला सतरंजी दाखवत होता. मला ते पटलं नाही. मी पहिल्यांदा माझ्या मनानं मत दिलं आणि घरी येऊन मामाजींसमोर उभी राहिले. वाटलं, आता तरी विचारतील.

त्यांनी ताईला फोन लावला, तिनं कोणाला मत दिलं ते विचारायला. स्पीकरवर तिचा आवाज आला, "मामाजी, धाकटीले विचारलं का, तिनं कोणाले दिलं?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. "सांग, धाकटे."

मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं."

या घरात माझं मत पहिल्यांदा विचारलं गेलं, तेही तिच्या सांगण्यावरून. फोन अजून चालूच होता. मी तिच्याशी बोलले नाही.